गट क्रमांक चार : वीस सामने आणि दुभंगता नकाशा

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील मोठ्या स्पर्धांचा इतिहास बहुधा अंतिम सामन्याच्या अंगाने लिहिला जातो. चषक कोणी उचलला, निर्णायक गोल कोणी केला, कोणत्या गोलरक्षकाने पेनल्टी अडवली, एवढे तपशील लोकांच्या स्मरणात राहतात. त्या स्पर्धेत प्रवेश मिळवण्यासाठी दीड-दोन वर्षे चाललेल्या पात्रता फेरीतील सामने मात्र आकडेवारीच्या कोष्टकांत पडून राहतात. वास्तविक एखाद्या देशाच्या फुटबॉलची खरी पारख याच फेरीत होते, कारण अंतिम स्पर्धा काही आठवड्यांत संपते, तर पात्रता फेरीत संघाला वेगवेगळ्या ऋतूंत, परक्या मैदानांवर, खेळाडूंच्या दुखापती आणि मतभेद सांभाळत सातत्य दाखवावे लागते. शिवाय पात्रता गट हा त्या काळातील राजकीय व्यवस्थेचाही आरसा असतो. कोणाला स्वतंत्र संघ म्हणून मान्यता आहे, कोणते राष्ट्र एका ध्वजाखाली उभे राहते आणि कोणाला स्वतःच्या भूमीवर सामना भरवता येतो, हे सारे त्या गटाच्या रचनेत नोंदले जाते. १९९२ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीतील गट क्रमांक चार या दृष्टीने विसाव्या शतकातील सर्वांत बोलका गट मानावा लागेल. या गटात प्रथम आलेल्या संघाला स्पर्धेच्या उंबरठ्यावरून परत जावे लागले, दुसरा आलेला संघ युरोपचा विजेता झाला आणि तळाच्या संघाने आपल्या पहिल्याच सामन्यात फुटबॉलविश्वाला चकित केले.

त्या वेळची स्पर्धापद्धती आजच्यापेक्षा बरीच कठोर होती. स्वीडनमध्ये १० ते २६ जून १९९२ या काळात झालेल्या अंतिम स्पर्धेत केवळ आठ संघ खेळणार होते; यजमान म्हणून स्वीडनला थेट प्रवेश होता आणि उरलेल्या सात जागांसाठी ३४ संघांची सात गटांत विभागणी झाली होती. गटातील प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा, एकदा स्वतःच्या आणि एकदा त्याच्या मैदानावर, खेळे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक गुण आणि गुण समान झाल्यास केलेल्या व स्वीकारलेल्या गोलांतील फरक पाहायचा, असा नियम होता. प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे जाई. दुसऱ्या क्रमांकाला ना दुसरी संधी होती, ना सांत्वनाची जागा. पाच संघांच्या गटात एकूण वीस सामने होत आणि त्यांपैकी एखाद्या बरोबरीनेही दोन वर्षांची मेहनत वाया जाऊ शकत असे.

पाच संघ, पाच प्रकारची राष्ट्रे

गट चारमध्ये युगोस्लाव्हिया, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, उत्तर आयर्लंड आणि फेरो बेटे हे पाच संघ होते. फुटबॉलच्या दृष्टीने सगळे समान दर्जाचे सभासद असले, तरी राज्यशास्त्राच्या दृष्टीने पाचांची जातकुळी निरनिराळी होती. युगोस्लाव्हिया हे स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनिया या सहा प्रजासत्ताकांचे संघराज्य होते. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा घटक प्रदेश असून, संयुक्त राष्ट्रांत त्याला वेगळे स्थान नाही; परंतु जागतिक फुटबॉल महासंघ स्थापन होण्यापूर्वीपासून ब्रिटनमध्ये चार स्वतंत्र फुटबॉल संघटना कार्यरत असल्याने त्याचा संघ वेगळा खेळतो. ऑस्ट्रिया हे एके काळच्या विशाल साम्राज्याचे केंद्र राहिलेले, आता आकाराने लहान झालेले प्रजासत्ताक. डेन्मार्क हे जुने राजेशाही राष्ट्र, आणि त्याच राजसत्तेखाली १९४८ पासून अंतर्गत स्वायत्तता उपभोगणारी उत्तर अटलांटिकमधील अठरा फेरो बेटे हा पाचवा संघ. म्हणजे एका गटात एक राज्य आणि त्याचाच स्वायत्त प्रदेश परस्परांचे प्रतिस्पर्धी होते.

यातून फुटबॉलमधील 'राष्ट्र' ही संकल्पना राज्याच्या सीमारेषेशी तंतोतंत जुळत नाही, हे स्पष्ट होते. १९७९ मध्ये स्थापन झालेली फेरो बेटांची फुटबॉल संघटना १९८८ मध्ये 'फिफा' या जागतिक महासंघाची आणि १९९० मध्ये 'युएफा' या युरोपीय महासंघाची सभासद झाली. त्या वेळी बेटांची एकूण लोकसंख्या पन्नास हजारांच्याही आत, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी होती. या पात्रता फेरीच्या दोन वर्षांत पूर्व जर्मनी फुटबॉलच्या नकाशावरून पुसला जाणार होता, सोव्हिएत संघ विसर्जित होणार होता आणि युगोस्लाव्हिया रक्तबंबाळ होऊन फुटणार होता. सर्वांत लहान राष्ट्र दाराशी येऊन उभे राहत असताना मोठी राष्ट्रे मागच्या दाराने बाहेर पडत होती, असा हा काळ होता.

१२ सप्टेंबर १९९०

या दिवशी मॉस्कोमध्ये दोन्ही जर्मनींनी आणि दुसऱ्या महायुद्धातील चार विजयी सत्तांनी जर्मनीच्या एकीकरणाचा मार्ग मोकळा करणाऱ्या करारावर सह्या केल्या. त्याच संध्याकाळी ब्रुसेल्समध्ये पूर्व जर्मनीचा संघ बेल्जियमविरुद्ध आपला अखेरचा सामना खेळला. मुळात तो पात्रता फेरीचा सामना ठरला होता. परंतु पूर्व जर्मनीने स्पर्धेतून माघार घेतल्याने त्याला मैत्रीपूर्ण सामन्याचे स्वरूप आले. आणि त्याच दिवशी दक्षिण स्वीडनमधील लांड्सक्रोना या गावात फेरो बेटांचा संघ आपला पहिला अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळण्यासाठी उतरला.

'घरचा' सामना परदेशात खेळावा लागण्याचे कारण अगदी साधे होते. वादळी वारे, अखंड पाऊस आणि खडकाळ जमीन यांमुळे फेरो बेटांवर आंतरराष्ट्रीय दर्जाचे हिरवळीचे मैदान नव्हते. तिथला खेळ कृत्रिम पृष्ठभागावर चाले आणि युएफाच्या नियमांना तो मान्य नव्हता. म्हणून या संघाचे पात्रता फेरीतील चारही घरचे सामने लांड्सक्रोनातच झाले. पहिल्या सामन्याला दीड हजारांपेक्षाही कमी प्रेक्षक होते. समोर ऑस्ट्रिया होता, जो तीनच महिन्यांपूर्वी इटलीतील विश्वचषक स्पर्धा खेळून आलेला व्यावसायिकांचा संघ होता. फेरो संघात एकही पूर्णवेळ फुटबॉलपटू नव्हता. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसन हे मासळीच्या कारखान्यात माल उचलण्याचे यंत्र चालवत आणि डोक्याला झालेल्या जुन्या दुखापतीमुळे गोंडा असलेली पांढरी लोकरी टोपी घालूनच गोलपुढे उभे राहत. संघाला आकार देणारे प्रशिक्षक पाल गुडलॉगसन हे आइसलँडचे होते.

पूर्वार्धात ऑस्ट्रियाला गोल करता आला नाही, आणि उत्तरार्धात, तासाभराचा खेळ झाल्यावर, टॉर्किल निल्सन यांनी बचावपटूंना चकवत चेंडू जाळ्यात धाडला. व्यवसायाने विक्रेते असलेले निल्सन बुद्धिबळाच्या पटावरचेही मुरलेले खेळाडू होते. उरलेला अर्धा तास फेरोच्या बचावफळीने आणि टोपीवाल्या गोलरक्षकाने ऑस्ट्रियाला रोखून धरले आणि सामना १-० असा संपला. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांना त्यानंतर पद सोडावे लागले. या निकालाचा आनंद बेटांपुरता मर्यादित राहिला नाही. लोकसंख्या, पैसा आणि मैदान यांपैकी काहीही हाती नसलेल्या समाजालाही शिस्त आणि परस्परविश्वास यांच्या बळावर जगासमोर उभे राहता येते, याचा तो पुरावा ठरला. पुढे १ मे १९९१ रोजी बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडला १-१ असे रोखून फेरो बेटांनी आणखी एक गुण मिळवला. तीन गुण आणि २६ स्वीकारलेले गोल अशी त्यांची अखेरची नोंद असली, तरी ऑस्ट्रियाचेही गुण तीनच होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

डेन्मार्क : तुटलेला आणि पुन्हा सांधलेला संघ

डेन्मार्कचा प्रवास याच्या अगदी उलट स्वरूपाचा होता. १९८० च्या दशकात जर्मन प्रशिक्षक सेप पिऑंटेक यांच्या हाताखाली या देशाने आक्रमक आणि मोकळ्या खेळाची ख्याती मिळवली होती. १९९० मध्ये त्यांच्या जागी रिकार्ड म्योलर निल्सन आले. त्यांचा भर बचावाची घडी, अंतराची शिस्त आणि जोखीम टाळणारा खेळ यांवर होता, आणि सौंदर्यपूर्ण खेळाची सवय झालेल्या चाहत्यांना व काही खेळाडूंनाही तो रुचला नाही. १० ऑक्टोबर १९९० रोजी कोपनहेगनमध्ये फेरो बेटांवर ४-१ असा अपेक्षित विजय मिळाला. पण आठवडाभराने, १७ ऑक्टोबरला, बेलफास्टच्या विंडसर पार्कवर उत्तर आयर्लंडने डेन्मार्कला १-१ असे अडवले. बिली बिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली १९८२ आणि १९८६ च्या विश्वचषक स्पर्धा गाठणारा उत्तर आयर्लंडचा संघ आता उतरणीला लागला होता, तरीही घरच्या मैदानावर त्याला हरवणे सोपे नव्हते. त्या संध्याकाळी गमावलेल्या एका गुणाची किंमत किती मोठी होती, हे कळायला पुढे तेरा महिने जावे लागले.

१४ नोव्हेंबर १९९० रोजी कोपनहेगनमध्ये युगोस्लाव्हियाने डेन्मार्कला २-० असे हरवले. या पराभवानंतर मिकाएल लाउड्रुप आणि त्यांचे धाकटे बंधू ब्रियान लाउड्रुप यांनी प्रशिक्षकांच्या पद्धतीशी मतभेद असल्याने राष्ट्रीय संघातून अंग काढून घेतले. मिकाएल हे त्या काळी बार्सिलोनाकडून खेळणारे, युरोपातील सर्वोत्तम मध्यरक्षकांमध्ये गणले जाणारे खेळाडू होते. त्यांच्याविना डेन्मार्कचे आव्हान संपले, असे मानले जाणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. १ मे १९९१ रोजी बेलग्रेडमध्ये बेंट क्रिस्टेन्सन यांच्या दोन गोलांच्या जोरावर डेन्मार्कने युगोस्लाव्हियाला २-१ असे नमवले. गटात युगोस्लाव्हियाचा झालेला हा एकमेव पराभव. त्यानंतर ऑस्ट्रियावर २-१, फेरो बेटांवर ४-०, व्हिएन्नात पुन्हा ऑस्ट्रियावर ३-० आणि ओडेन्स येथे उत्तर आयर्लंडवर २-१ असे विजय मिळवत त्यांनी पात्रता फेरीतील शेवटचे पाचही सामने जिंकले. या पाच सामन्यांत त्यांनी तेरा गोल केले आणि केवळ तीन स्वीकारले. डेन्मार्कच्या पुढील यशाचा उलगडा करू पाहणाऱ्या कोणालाही या पाच सामन्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

युगोस्लाव्हिया : मैदानावरील एकी, बाहेरील फूट

गटातील सर्वांत गुणवान संघ निःसंशय युगोस्लाव्हियाचा होता. १९९० च्या विश्वचषक स्पर्धेत तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता आणि दहा खेळाडूंनिशी दीर्घकाळ झुंज देऊन, दिएगो माराडोनांच्या अर्जेंटिनाकडून केवळ पेनल्टी शूटआउटमध्ये हरला होता. प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम हे सारायेव्होचे. तिथल्या झेल्येझ्निचार या क्लबमध्ये खेळाडू म्हणून घडलेले आणि १९८६ पासून राष्ट्रीय संघाची धुरा वाहणारे. सहा प्रजासत्ताकांतील वृत्तपत्रे आपापल्या प्रांताच्या खेळाडूंसाठी दबाव आणत असताना गुणवत्ता हाच एकमेव निकष मानण्याचा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह गोल करणाऱ्यांच्या यादीतच वाचता येतो. १२ सप्टेंबर १९९० रोजी बेलफास्टमधील २-० विजयातील गोल मॅसेडोनियाच्या डार्को पांचेव्ह यांनी आणि पुढे क्रोएशियाकडून खेळलेल्या रॉबर्ट प्रोसिनेच्की यांनी केले. बेलग्रेडमध्ये ऑस्ट्रियाचा ४-१ असा पाडाव झाला, तेव्हा पांचेव्ह यांच्या तीन गोलांना स्लोव्हेनियाच्या स्रेच्को काटानेत्स यांच्या गोलाची जोड मिळाली. कोपनहेगनमधील दोन गोलांपैकी एक बोस्नियाच्या मेहमेद बाझ्दारेव्हिच यांचा आणि एक क्रोएशियाच्या रॉबर्ट यार्नी यांचा होता. १६ मे १९९१ रोजी बेलग्रेडमध्ये फेरो बेटांवर मिळवलेल्या ७-० विजयात क्रोएशियाच्या झ्वोनिमिर बोबान आणि डावोर शुकेर यांनीही गोल केले. पांचेव्ह यांचे गटातील गोल दहा झाले आणि संपूर्ण पात्रता फेरीत तेच सर्वाधिक ठरले. एका अर्थाने युगोस्लाव्हियाच्या संघराज्याची मूळ कल्पना, म्हणजे भिन्न भाषा-धर्मांच्या माणसांनी एकत्र येऊन एकट्याने साधणार नाही ते साधावे ही कल्पना, राजकारणात मोडकळीस आली असताना मैदानावर मात्र फळाला येत होती.

परंतु मैदानाच्या कडेला वणवा पेटलेलाच होता. १३ मे १९९० रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर दिनामो झाग्रेब आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांच्या समर्थकांत भीषण दंगल झाली आणि त्या गोंधळात पोलिसाला लाथ मारणारे बोबान निलंबित होऊन विश्वचषकाला मुकले. तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यापूर्वी प्रेक्षकांनी स्वतःच्याच देशाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. डेन्मार्कविरुद्ध बेलग्रेडमध्ये पराभव झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ मे १९९१ रोजी, पूर्व क्रोएशियातील बोरोव्हो सेलो या गावात क्रोएशियन पोलीस आणि सर्ब सशस्त्र गट यांच्यात रक्तरंजित चकमक झाली. २९ मे रोजी इटलीतील बारी येथे रेड स्टारने मार्से संघाला हरवून युरोपियन चषक जिंकला, तेव्हा निर्णायक पेनल्टी पांचेव्ह यांनीच मारली. क्लब फुटबॉलमधील सर्वोच्च यश आणि देशाची अखेर यांच्यात एका महिन्याचेही अंतर उरले नाही. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्धाला तोंड फुटले.

फेरो बेटांविरुद्धचा मे महिन्यातील सामना क्रोएशियाच्या खेळाडूंचा युगोस्लाव्ह संघातील अखेरचा सामना ठरला. शरद ऋतूत जो संघ उतरला, तो नावाने तोच असला तरी आतून विरत चालला होता. तरीही ऑक्टोबरमध्ये लांड्सक्रोना येथे २-० आणि १३ नोव्हेंबर १९९१ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियावर २-० असे विजय मिळवून त्याने गटातील पहिला क्रमांक पक्का केला. व्हिएन्नात गोल करणारे व्लादान लुकिच सर्बियाचे आणि देयान साविचेव्हिच माँटेनेग्रोचे. पहिल्या सामन्यातील गोलवीरांची नावे आणि शेवटच्या सामन्यातील नावे शेजारी ठेवली की चौदा महिन्यांत देशाचे काय झाले, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या रात्री व्हिएन्नात खेळ चालू असताना क्रोएशियातील वुकोवार शहराला वेढा पडलेला होता आणि पाच दिवसांनी ते शहर पडले.

एका गुणाचे अंतर

अखेरच्या गुणतक्त्यात युगोस्लाव्हियाचे आठ सामन्यांत सात विजयांसह १४ गुण, २४ गोल केलेले आणि चारच स्वीकारलेले. डेन्मार्कचे सहा विजय, एक बरोबरी, एक पराभव आणि १३ गुण. उत्तर आयर्लंडचे सात. तर ऑस्ट्रिया आणि फेरो बेटे यांचे प्रत्येकी तीन. पहिल्या दोन संघांनी एकमेकांना परक्या मैदानावर एकेकदा हरवले होते आणि ऑस्ट्रिया व फेरो बेटे यांच्याविरुद्ध दोघांनीही सर्व सामने जिंकले होते. म्हणजे दोहोंत फरक पडला तो केवळ बेलफास्टमध्ये. तिथे युगोस्लाव्हिया जिंकला आणि डेन्मार्कला बरोबरीवर समाधान मानावे लागले. शेवटच्या दिवशी युगोस्लाव्हिया व्हिएन्नात हरता, तर डेन्मार्क एका गुणाने पुढे गेला असता; बरोबरी मात्र युगोस्लाव्हियाला सरस गोलफरकामुळे पुरली असती. मैदानावरचा हिशेब असा स्वच्छ होता आणि त्यात कोणावरही अन्याय झालेला नव्हता.

मात्र हा हिशेब ज्या देशाच्या नावे मांडला गेला होता, तो देशच पुढील सहा महिन्यांत उरला नाही. एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियाच्या स्वातंत्र्याला युरोपीय समुदायाची मान्यता मिळत असतानाच सारायेव्होला वेढा पडला आणि महिनाअखेरीस सर्बिया व माँटेनेग्रो या दोनच प्रजासत्ताकांचे नवे युगोस्लाव्हिया संघराज्य घोषित झाले. ओसिम यांची पत्नी आणि कन्या वेढलेल्या सारायेव्होत अडकल्या होत्या. २३ मे १९९२ रोजी बेलग्रेडमध्ये पत्रकारांसमोर अश्रू आवरत त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि आपल्या शहरासाठी आपण एवढेच करू शकतो, या आशयाचे उद्गार काढले. हा राजीनामा कोणत्याही आंतरराष्ट्रीय बंदीच्या आधीचा आहे, हे महत्त्वाचे. ज्या माणसाने तो संघ उभा केला, त्याचा नैतिक निर्णय जगाच्या संस्थांपेक्षा आठवडाभर आधी झाला होता.

३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ७५७ संमत करून नव्या युगोस्लाव्हियावर व्यापक निर्बंध लादले. व्यापार आणि हवाई वाहतूक यांबरोबरच त्या देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या व्यक्ती व संघांना आपल्या भूमीवरील क्रीडास्पर्धांत भाग घेऊ न देण्याचे बंधन सर्व सदस्य-राष्ट्रांवर घालण्यात आले. चीन आणि झिंबाब्वे तटस्थ राहिले आणि तेरा राष्ट्रांनी बाजूने मतदान केले. त्या वर्षी परिषदेचा अस्थायी सदस्य असलेला भारत या तेरांपैकी एक होता. दुसऱ्या दिवशी युएफाने युगोस्लाव्हियाला स्पर्धेतून वगळले. सरावासाठी स्वीडनमध्ये आधीच दाखल झालेल्या संघाला माघारी पाठवण्यात आले आणि त्याची जागा गट चारमधील दुसऱ्या क्रमांकाच्या डेन्मार्कला देण्यात आली. तुलना करायची तर सोव्हिएत संघाचेही विघटन झाले होते. पण तिथले फुटबॉलपटू स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाच्या नावाखाली स्वीडनमध्ये खेळले. देश नाहीसा होणे हे संघाच्या हकालपट्टीचे कारण नव्हते, तर नागरी वस्त्यांवर लादलेले युद्ध हे कारण होते. सारायेव्होवर तोफा चालू असताना त्या युद्धाशी जोडल्या गेलेल्या ध्वजाला उत्सवाच्या मैदानात मिरवू देणे योग्य झाले नसते. तरीही या निर्णयाची झळ ज्यांना बसली, ते खेळाडू तोफा चालवणारे नव्हते, आणि ज्या प्रजासत्ताकांतील खेळाडूंनी ते १४ गुण मिळवले होते, त्यांतील बहुतेक तर तोवर या संघाचे उरलेच नव्हते. निर्णय न्याय्य असूनही दुःख खरे असू शकते, याची जाणीव ठेवूनच हा प्रसंग वाचायला हवा.

परीकथा आणि तिचे मूळ

पुढचा भाग जगाला ठाऊक आहे. खेळाडू समुद्रकिनारी सुटीवर होते, प्रशिक्षक घराच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती करत होते आणि अचानक बोलावणे आले, अशी कथा तीन दशके सांगितली जाते. डेन्मार्कचा स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाच्या संघाशी कोपनहेगनमध्ये ३ जूनला मैत्रीपूर्ण सामना आधीच ठरलेला होता, ही वस्तुस्थिती या कथेत हरवते. निवडीनंतर अकरा दिवसांत, ११ जूनला, माल्मो येथे त्यांनी इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखले. स्वीडनकडून ०-१ असा पराभव पत्करला. फ्रान्सला २-१ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे गतविजेत्या नेदरलँड्सशी २-२ अशी बरोबरी झाल्यावर पीटर श्मायकेल यांनी मार्को व्हान बास्टेन यांची पेनल्टी अडवली. आणि २६ जूनला गोथेनबर्ग येथे जॉन येन्सन व किम विल्फोर्ट यांच्या गोलांनी जर्मनीवर २-० असा विजय मिळवून चषक जिंकला. ब्रियान लाउड्रुप तोवर संघात परतले होते, मिकाएल मात्र नव्हते. याच महिन्याच्या २ तारखेला डॅनिश मतदारांनी युरोपीय एकीकरणाचा मास्ट्रिख्ट करार निसटत्या बहुमताने फेटाळला होता, त्यामुळे या विजयाला राष्ट्रीय स्वाभिमानाचीही झालर लाभली.

परंतु हा विजय आकाशातून पडलेला नव्हता. संघर्षातून सावरून शेवटचे पाचही सामने जिंकणारा, बेलग्रेडमध्ये त्या काळच्या बलाढ्य संघाला नमवणारा आणि एका गुणाने मागे राहिलेला हा संघ होता. म्योलर निल्सन यांच्या ज्या शिस्तबद्ध पद्धतीवर टीका झाली, तीच पद्धत अंतिम स्पर्धेत कामी आली. योगायोगाने आलेले निमंत्रण आणि कष्टाने कमावलेली लायकी यांत फरक आहे. परीकथेत निमंत्रणाला सारे महत्त्व मिळते, गुणतक्ता मात्र लायकीची साक्ष देतो.

गटाने मागे ठेवलेला वारसा

युगोस्लाव्हियाचा संघ १९९४ च्या विश्वचषकापासून आणि १९९६ च्या युरोपीय स्पर्धेपासूनही दूर ठेवला गेला. त्याचे तुकडे मात्र स्वतंत्र संघ होऊन परतले. १९९६ च्या पात्रता फेरीत ४७ संघ उतरले, तर १९९२ च्या फेरीत पूर्व जर्मनीच्या माघारीनंतर ३३ उरले होते. एवढ्या एका तुलनेतही युरोपच्या पुनर्रचनेचे माप मिळते. ज्यांनी एके काळी फेरो बेटांविरुद्ध एकाच जर्सीत गोल केले, ते बोबान आणि शुकेर १९९८ मध्ये क्रोएशियाला विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून देणारे ठरले. ओसिम यांनी ऑस्ट्रियातील स्टुर्म ग्राझला दोनदा राष्ट्रीय विजेते बनवले आणि पुढे जपानच्या राष्ट्रीय संघालाही मार्गदर्शन केले; २०२२ मध्ये ग्राझ येथे त्यांचे निधन झाले आणि सारायेव्होत त्यांचे दफन झाले. फेरो बेटांनी टोफ्तिर येथे खडक फोडून हिरवळीचे मैदान तयार केले आणि १९९२ पासून स्वतःच्या भूमीवर पात्रता सामने भरवले. पुढे ग्रीसला एकाच पात्रता फेरीत दोनदा आणि २०२२ मध्ये तुर्कस्तानला हरवून लांड्सक्रोनाचा निकाल हा अपघात नव्हता, हे त्यांनी दाखवून दिले.

आज युएफाचे ५५ सभासद आहेत आणि गटवारीची सोडत काढताना राजकीय वास्तवाचा उघडपणे विचार केला जातो. काही देशांना एकमेकांच्या गटात टाकायचेच नाही, असा नियम आहे. २०१६ मध्ये सभासदत्व मिळालेल्या कोसोव्होला २०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सर्बिया किंवा बोस्निया यांच्या गटात न ठेवता वेगळ्या गटात घालण्यात आले. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचा संघ निलंबित झाला, तेव्हा पात्रता फेरीतील त्याचा प्रतिस्पर्धी पोलंड थेट पुढच्या टप्प्यात गेला. अशा निर्णयांची वाट गट चारने आधीच दाखवून दिली होती. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवावे, हे वचन ऐकायला गोड असले तरी पात्रता गटाच्या रचनेतच ते खोटे ठरते, कारण राष्ट्र कोणाला म्हणायचे हा प्रश्न सोडवल्याशिवाय गटच पाडता येत नाही. म्हणून क्रीडासंस्थांकडून तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा न्यायाची अपेक्षा करावी, ती अधिक रास्त ठरेल. लहानात लहान समाजाला दार उघडे असावे, युद्धाला उत्सवाचा आडोसा मिळू नये, आणि शिक्षा अपरिहार्य झाली तरी खेळाडूंनी घाम गाळून मिळवलेले गुण इतिहासातून पुसले जाऊ नयेत. गट चारच्या तक्त्यात युगोस्लाव्हियाचे १४ गुण आजही पहिल्या ओळीत आहेत, आणि डेन्मार्कचा चषक मनापासून गौरवतानाही ती ओळ वाचणे हे फुटबॉलच्या प्रत्येक अभ्यासकाचे कर्तव्य आहे.